कोकणात जाता-येता सामान कसं भरावं, कसं बांधावं?

कातळसडा

गणपती, शिमगा आणि मे महिना आला की कोकणाच्या वाटेवर माणसांपेक्षा बोचकीच जास्त दिसतात. सामानाचा विषय निघाला की चर्चा कुलूप-साखळीवर सुरू होते आणि तिथेच संपते. चोऱ्या होतात, त्याबद्दल वाद नाही. पण या पट्ट्यात सामानाची जास्त नासाडी पाणी करतं, वरून पडणारं तेही आणि आपल्याच बाटलीतून गळणारं तेही. म्हणून आधी पाण्याचा विचार, मग सामान हलण्याचा आणि त्यानंतर चोराचा, असं माझं मत. पटत नसेल तर खाली भांडा.

सुरुवात पाठीवरच्या बॅगेपासून. वरून चढवायचं रेनकव्हर पावसाळ्यात पुरत नाही, कारण पाठीकडची बाजू उघडी राहते. मानेवरून ओघळलेलं पाणी पाठ आणि बॅग यांच्या मधून खाली उतरतं आणि कव्हरच्या तळाशी साचतं. मग बॅग त्या पाण्यात बसून राहते. कव्हरच्या तळाला पाणी जायला भोक आहे का ते बघा, नसेल तर पाडा. खरं संरक्षण आतून करायचं. जाड प्लास्टिकची मोठी पिशवी बॅगेत आधी उघडून ठेवायची, सगळं सामान तिच्यात भरायचं, हवा दाबून काढायची, तोंड पीळ देऊन दुमडायचं आणि वर रबर लावायचं. पातळ कॅरीबॅग नको, ती बॅगेच्या चेनमध्ये अडकून फाटते. कागदपत्रं, औषधं आणि चार्जर या पिशवीच्याही आत वेगळ्या झिपच्या पाकिटात.

परतीसाठी एक रिकामी पिशवी आधीच टाकून ठेवा. जून ते सप्टेंबर कोकणात कपडे वाळत नाहीत, आणि एक दमट टॉवेल रात्रभरात बाकीच्या दहा कपड्यांना वास लावतो.

ट्रॉली बॅगबद्दल स्पष्टच सांगतो. स्टेशनच्या फलाटापर्यंत ती छान असते. जांभ्या चिऱ्यांची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, लागली की चाकांचा उपयोग शून्य. उलट पायरीवर आपटून चाकाचा आस वाकतो, तांबडी माती आत गेली की चाक फिरायचंच थांबतं. वाडी रस्त्यापासून खाली असेल तर खांद्याला पट्टे असलेली बॅग घ्या. ट्रॉलीच न्यायची असेल तर जड वस्तू चाकांच्या बाजूला भरा, म्हणजे उभी केल्यावर ती पुढे कोसळत नाही. आणि पाखाडीवर ओढू नका, बाजूच्या मुठीने उचला. वर येणारा दांडा ओढण्यापुरता असतो, त्याला पूर्ण वजन पेलत नाही.

गाडीच्या टपावरचं आणि खाण्यापिण्याचं जाणकारांनी लिहावं.

तिकीटखिडकी

रेल्वेपुरतं लिहिते.

फुकट नेता येणारं वजन माणशी असं: एसी फर्स्ट ७० किलो, टू टियर एसी ५०, थ्री टियर एसी आणि स्लीपर ४०, सेकंड क्लास ३५. पेटीचा आकार साधारण १०० × ६० × २५ सेंटीमीटरपर्यंत चालतो, पण थ्री टियर एसी आणि चेअर कारला मर्यादा ५५ × ४५ × २२.५ आहे. लोकांना वजन ठाऊक असतं, आकार ठाऊक नसतो, आणि भांडण होतं ते आकारावरून. त्याहून मोठं असेल तर लगेज ऑफिसात नोंदवून ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गाडीच्या सामानाच्या डब्यात, द्या. गाडी सुटायच्या किमान अर्धा तास आधी ते काम उरकलेलं हवं. नगावर नाव-पत्ता बाहेरून आणि आतून, दोन्हीकडे. बाहेरचा कागद बॉलपेनने लिहा आणि त्यावर पारदर्शक चिकटपट्टी मारा, शाईचं पेन पहिल्याच सरीत पसरतं. गॅस सिलिंडर, रॉकेल, फटाके, ॲसिड अजिबात न्यायचं नाही. गावच्या चुलीसाठी म्हणून रॉकेलची बाटली पिशवीत दडपणारे अजून आहेत!

साखळी लावताना बहुतेकांचं चुकतं ते इथे. खालच्या बर्थखाली लोखंडी कड्या असतात. साखळी त्या कडीतून आणि बॅगेच्या शिवलेल्या मुठीतून घ्यायची, चेनच्या जिभांतून नाही. ट्रॉलीच्या वर येणाऱ्या दांड्यातूनही नाही, तो स्क्रूवर असतो. साखळी आखूड ठेवा, इतकी की बॅग हातभरही पुढे सरकू नये. लांब साखळी असली की बॅग बाहेर ओढून उघडता येते. कुलूप भिंतीच्या बाजूला, मुठीचं तोंड आत. समुद्राकाठी लोखंडी कुलूप गंजून अडकतं, पितळी घ्या आणि मोसमाच्या आधी आत तेलाचा एक थेंब सोडा.

कोकण रेल्वेचा एक वेगळा मुद्दा. रोहा ते वीर दुहेरी मार्ग झालाय, पुढे बहुतेक एकेरी. त्यामुळे क्रॉसिंगसाठी गाडी वेळापत्रकात नसलेल्या ठिकाणीही रात्री थांबते, दारं उघडी असतात, आणि थांबा नाही म्हणून माणसं निर्धास्त झोपलेली असतात. स्लीपरमध्ये खिडकीजवळ चार्जिंगला लावलेला फोन अशा वेळी बाहेरून जातो. पैसे आणि कागद अंगावर, लॅपटॉपची पिशवी उशाला आणि तिचा पट्टा हाताला गुंडाळून.

चोरी लक्षात आली तर रेल्वेचा मदत क्रमांक १३९. बोगद्यात रेंज नसते, करबुड्याचा एकटाच साडेसहा किलोमीटर आहे. तेव्हा वाट न बघता टीटीई किंवा कोच अटेंडंट गाठा. तक्रारीचा छापील अर्ज त्यांच्याकडे मिळतो, तो चालत्या गाडीतच भरून देता येतो. उतरून पोलीस ठाणं शोधत बसायची गरज नाही.

खाडीपलीकडे

साखळीबद्दल +१. मधल्या स्थानकांवर थांबा जेमतेम दोन मिनिटांचा असतो, तेव्हा साखळी उतरायच्या आधीचं स्थानक सुटलं की काढा. चावी शोधण्यात थांबा जातो. नग मोजून ठेवा आणि एकाने आधी उतरून खाली उभं राहायचं, दुसऱ्याने दारातून द्यायचं. काही ठिकाणी फलाट बुटका आहे, सामानासकट उडी मारू नये.

बाकी चेनच्या जिभांना छोटं कुलूप लावतात त्याचा उपयोग होतो का?

तिकीटखिडकी

@खाडीपलीकडे, नुसत्या जिभांना लावलं तर फारसा नाही. बॉलपेनचं टोक चेनच्या दातांत दाबलं की ती मधूनच उकलते. आतलं काढून झालं की कुलूपबंद जिभा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायच्या, चेन पुन्हा मिटते. प्रवास संपेपर्यंत कळतही नाही. उपाय साधा आहे. दोन्ही जिभा एकत्र करून कुलूप बॅगेच्या मुठीच्या कडीला किंवा शिवलेल्या पट्टीला अडकवा, म्हणजे जिभा हलतच नाहीत. चेन उकलली तर उकललेली दिसते. दातांच्या दोन रांगा असलेली चेन उकलायला अवघड जाते, नवी बॅग घेताना तेवढं बघून घ्या.

सुंभ_आणि_पीळ

गाडीच्या टपाचं मी लिहितो.

पहिली गोष्ट, कॅरिअरची क्षमता गाडीच्या पुस्तकात दिलेली असते. छोट्या गाड्यांना ती बहुधा ५० ते ७५ किलोच्या घरात असते आणि त्यात कॅरिअरचं स्वतःचं वजनही धरलेलं असतं. म्हणून तांदळाची गोण टपावर नको, ती डिकीत, मागच्या सीटला टेकवून तळाशी. टपावर फुगीर पण हलकं ठेवा: गाद्या, कपडे, मखराचं सामान. वर वजन झालं की घाटातल्या वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलते आणि ब्रेकलाही वेळ लागतो.

ताडपत्री नुसती वरून पांघरू नका. आधी कॅरिअरवर खाली अंथरायची, त्यावर सामान, मग उरलेले पदर वर घ्यायचे. पाणी खालूनही येतं, टपावर आपटून उडतं. पदर दुमडण्याचा क्रम कौलांसारखा: मागचा पदर आधी घ्या, मग दोन्ही बाजूंचे, पुढचा सगळ्यात शेवटी वरून, म्हणजे उघडी कड मागे येते. पुढे तोंड उघडं राहिलं तर ऐंशीच्या वेगाला वारा आत शिरतो, ताडपत्री फुगते आणि दोऱ्या एकेक करून ढिल्या पडतात. ताडपत्री फाटते ती डोळ्यांपाशी, म्हणजे कडेच्या गोल भोकांपाशी, म्हणून दोरी फक्त डोळ्यांत ओवून थांबू नका, आख्ख्या गठ्ठ्यावरून फिरवा.

दोरी ६ ते ८ मिलिमीटरची. नायलॉन मजबूत, पण भिजलं की ताणतं आणि सकाळी घट्ट वाटलेली बांधणी माणगावला सैल होते. पॉलिस्टरची दोरी त्या मानाने ताणत नाही. निळी-पिवळी स्वस्त प्लास्टिकची दोरी गुळगुळीत असते, तिची गाठ आपोआप सुटते, शिवाय उन्हाने ती भुसभुशीत होते. काथ्याची दोरी गाठ छान धरते, पण जुनी असेल तर आधी झटका देऊन बघा.

आता ताण कसा द्यायचा. दोरीचं एक टोक कॅरिअरच्या दांड्याला पक्कं बांधा. दोरी सामानावरून पलीकडे न्या. पलीकडच्या दांड्याच्या हातभर वर, दोरीतच सुरगाठीचा एक फास तयार करा. हा फास मोकळ्या टोकाकडच्या दोरीचा घ्यायचा, ताणाकडच्या दोरीचा घेतलात तर खेचताना तो मिटून जातो. मग मोकळं टोक दांड्याखालून फिरवून त्या फासातून ओवा आणि खाली खेचा. हाताने नुसतं ओढून जितकं घट्ट होतं त्याहून बराच जास्त ताण बसतो. फासापाशी चिमटीत धरून ठेवा आणि तिथेच दोन अढ्या (अर्ध्या गाठी) मारा. सोडताना अढ्या काढल्या की सगळं एका झटक्यात मोकळं, सुरी लागत नाही. ट्रकवाले हेच करतात.

आडव्या किमान दोन, वर एक फुली. १५-२० किलोमीटर गेल्यावर थांबून पुन्हा ताण द्या, कारण सामान बसतं. हे कोणी करत नाही आणि नेमकं इथेच बिघडतं. उरलेलं टोक लोंबत ठेवू नका. चपटा पट्टा वापरत असाल तर त्याला मध्ये एक पीळ द्या, नाहीतर वाऱ्यात तो सबंध रस्ताभर घुमत राहतो.

घाटमाथा

इतका उद्योग कशाला? हुकवाले रबरी पट्टे चार लावले की झालं.

सुंभ_आणि_पीळ

@घाटमाथा, दुचाकीच्या सीटवरच्या जॅकेटसाठी ठीक. टपावर मुख्य बांधणी म्हणून नको. रबराचं कामच ताणणं. गाडी खड्ड्यात आदळली की सामान उचललं जातं, रबर वाट देतं, खाली येताना सामान थोडं सरकून बसतं. असे पन्नास खड्डे झाले की गठ्ठा कडेला. शिवाय हुक सुटला तर थेट डोळ्याकडे येतो. दोरीने बांधल्यावर ताडपत्रीची फडफड थांबवायला वरून एखादा रबरी पट्टा जरूर लावा.

खटका असलेला पट्टा, ज्याला रॅचेट म्हणतात, तो उलट्या कारणासाठी जपून वापरा. त्याचा ताण इतका बसतो की पुठ्ठ्याचा खोका चेपतो. आंब्याच्या पेटीवर तो कधीच नको.

दुचाकीवाल्यांसाठी दोनच गोष्टी. बाजूच्या पिशवीचा तळ सायलेन्सरला लागत नाही ना हे माणूस बसवून बघा, रिकाम्या गाडीवर अंतर जास्त दिसतं. आणि लोंबणारा पट्टा किंवा ओढणी मागच्या चाकात गेली की चाक जागीच अडकतं, तेव्हा टोकं आत खोवा आणि वर चिकटपट्टी मारा.

आमसूलवाली

परतीच्या सामानाबद्दल कोणीच बोललं नाही, आणि गळती तर तिथेच असते.

आगळ, म्हणजे कोकमाचा रस. काचेची बाटली दिसायला छान, प्रवासाला नको. जाड प्लास्टिकची घ्या. आगळ दोन बोटं कमी भरा, मग बाटली कुशीत हलकेच दाबून पातळी तोंडापर्यंत आणा आणि तशीच धरून झाकण लावा. कारण असं की समुद्रसपाटीला बंद केलेली बाटली आंबोलीसारख्या सुमारे ७०० मीटर उंचीवर पोचते तेव्हा बाहेरचा दाब आठेक टक्क्यांनी कमी होतो, आतली हवा प्रसरण पावते आणि आगळ झाकणाच्या आट्यांतून बाहेर ढकललं जातं. दाबून बंद केलेल्या बाटलीला फुगायला जागा राहते. साखर घालून केलेलं घरचं कोकम सरबत उन्हाळ्यात आंबूही शकतं, त्यालाही हीच युक्ती लागू.

झाकणाखाली प्लास्टिकचा दुहेरी चौकोनी तुकडा ठेवून झाकण फिरवा. वरून चिकटपट्टी लावताना झाकण आवळतं त्याच दिशेने गुंडाळा, उलट गुंडाळली तर ओढताना झाकणच सैल होतं. मग जुना टॉवेल, मग पिशवी, आणि बाटली कायम उभी. कोकमाचा डाग पांढऱ्या कपड्यावरून जात नाही, तेव्हा शेजारी काय ठेवता ते बघून ठेवा.

सुकी मासळी. आदल्या दिवशी ऊन द्या आणि पूर्ण गार होऊ द्या. गरम असताना डब्यात भरली की आत पाणी सुटतं आणि मग बुरशी. बोंबील, बांगडा यांना टोकं आणि काटे असतात, ते थेट प्लास्टिकमध्ये घातले की बारीक भोकं पडतात आणि वास तिथून सुटतो. म्हणून आधी वर्तमानपत्राचे तीन-चार पदर, मग जाड प्लास्टिक, मग रबर असलेल्या झाकणाचा डबा. कितीही केलंत तरी सुक्या म्हावऱ्याचो वास लपाचो नाय, पण गाडीतल्या शेजाऱ्यांची नाराजी टळते. सोड्यांना (सोललेल्या सुक्या कोलंबीला) काटा नाही, ते थेट डब्यात चालतात.

नारळ सोलून न्या पण शेंडी ठेवा. शेंडी डोळ्यांवर असते, ती काढली की नारळ लवकर तडकतो आणि खराब होतो. सोललेला नारळ साधारण अर्धा किलोच्या वरच भरतो, म्हणजे वीस नारळ दहा-बारा किलो. गोणपाटात बांधा आणि गोण डिकीत घट्ट अडकवा. मोकळे नारळ घाटात गडगडतात आणि पुढच्याचा आंबा चेपतात.

आंबा सगळ्यात नाजूक. तयार पण कडक असा निवडा, पिकलेला नको. चीक वाळलेला हवा, देठाशी ओला चीक राहिला तर सालीवर काळे डाग पडतात. पुठ्ठ्याच्या खोक्यात दोनच थर, मध्ये भाताचा पेंढा, बाजूंना हवेची भोकं. एका डझनाला सुमारे तीन किलो धरा. खोका प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आंबा स्वतःच उष्णता सोडतो, आत घाम धरतो आणि देठाकडून कुजायला लागतो. इंजीन मागे असलेल्या बसमध्ये मागच्या डिकीत पेटी देऊ नका. आणि वळवाचा पाऊस लागलेला पुठ्ठा वजन धरत नाही, वर दुसरी पेटी रचली की खालची बसते.

खाडीपलीकडे

ताज्या मासळीचं राहिलं. थर्माकोलच्या खोक्यात मासळीइतकाच बर्फ, वजनाला वजन. आतडी आणि कल्ले काढून, धुऊन, पिशव्यांत भरून, मग बर्फ-मासळी-बर्फ असे थर. एसटीत किंवा ट्रॅव्हल्समध्ये सुटा बर्फ नको, वितळलेलं पाणी दुसऱ्याच्या बॅगेखाली जातं आणि मासळीसकट उतरवतात. त्याऐवजी पाण्याच्या बाटल्या गोठवून घ्या. बाटली काठोकाठ भरू नका, बर्फ होताना पाणी फुगतं आणि बाटली फुटते. झाकणाच्या फटीवर चारी बाजूंनी चिकटपट्टी.

माडाचीवाडी

गोव्यातल्या मोपावरून विमानाने न्यायचं असेल तर? आंबे, खोबरं वगैरे?

तिकीटखिडकी

@माडाचीवाडी, मोपा असो की सिंधुदुर्गातलं चिपी, सामानाचे नियम सारखेच. सुकं खोबरं न्यायला देत नाहीत, त्यात तेल असतं आणि ते पेट घेतं. आंबे खाली देण्याच्या सामानात चालतात, पण ते वजनात मोजले जातात. देशांतर्गत साध्या तिकिटावर बहुधा १५ किलो आणि हातात ७ किलो. दोन डझन आंबे म्हणजे सहा किलो तिथेच गेले. लोणचं आणि आगळ हातातल्या बॅगेत ठेवू नका, सुरक्षा तपासणीत अडतं. पॉवर बँक मात्र उलट, ती फक्त हातातल्या बॅगेत, खाली दिलेल्या बॅगेत सापडली तर बॅग उघडायला बोलावतात. १०० वॅट-अवरपर्यंत, म्हणजे साधारण २७,००० एमएएचपर्यंत परवानगी लागत नाही.

कातळसडा

किल्ल्यांच्या होड्यांबद्दल एक भर. जंजिऱ्याला होडी दरवाजाशी टेकते तेव्हा लाटेवर ती वर-खाली होत असते, दोन्ही हात मोकळे हवेत. हातात पिशव्या नकोत, सगळं पाठीवर. कॅमेरा-फोनसाठी गुंडाळायच्या तोंडाची जलरोधक पिशवी घेतलीत तर तोंड किमान तीन वेळा दुमडा, दोनदा दुमडून पाणी आत झिरपतं. आत थोडी हवा राहू द्या, पाण्यात पडली तर तरंगते. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे उडालेली बॅग त्याच दिवशी गोड्या पाण्याने पुसा, विशेषतः चेनचे दात. मीठ राहिलं की आठवड्यात चेन धरते. वाळल्यावर दातांवर मेणबत्ती घासली की सरकते.

रानजाई

वाचते आहे, फार उपयोगी. पेणहून शाडूची मूर्ती गावी न्यायची आहे, ती कशी बांधावी?

सुंभ_आणि_पीळ

@रानजाई, शाडू जड आणि ठिसूळ, आणि मोडतो तो हात, सोंड, कान इथे. मूर्ती कायम खालच्या पाटाला धरून उचला, खांद्याला किंवा प्रभावळीला धरून नाही. पाटापेक्षा चार बोटं मोठा खोका घ्या, तळाला पेंढा दाबून बसवा, पाट हलणार नाही अशा पाचरी बाजूंना ठोका. वरच्या भागाभोवती मात्र काही ठासू नका. तिथे भरलेला कागद किंवा पेंढा खड्ड्यात नेमका सोंडेवर दाब देतो. आधार फक्त पाटाला, वरचा भाग मोकळा, चेहऱ्यावर सुती रुमाल. शाडूला पाणी चालत नाही, म्हणून खोक्यावर प्लास्टिक, पण मूर्ती नुकतीच रंगवलेली असेल तर हवेला फट ठेवा.

गाडीत मागच्या सीटवर ठेवू नका, सीटची गादी उसळते. पुढच्या सीटमागे पाय ठेवतो त्या जागेत, दोन्ही बाजूंना उशा लावून. ट्रेनने नेत असाल तर वरच्या बर्थवर नको, खालच्या बर्थवर खिडकीशी आणि पाटाला हात लावून कोणीतरी बसलेलं.

घाटमाथा

रबरी पट्ट्यांबद्दल माघार घेतो. फणसाचं काय पण? आख्खा न्यायचाय, कापा.

आमसूलवाली

@घाटमाथा, झाडावरून काढल्यावर देठ खाली करून तासभर टांगा किंवा टेकवून ठेवा, चीक गळून जाऊ दे. देठाचं टोक कागदाने पुसा आणि त्यावर खोबरेल लावून कागद बांधा. हाताला आणि सुरीलाही तेल, चीक पाण्याने जात नाही. मग गोणपाट, सुतळी आडवी-उभी, आणि वर धरायला सुतळीचीच मूठ. पिकायला आलेला असेल तर प्रवासाला नेऊ नका, बोटाने दाबून दबला की समजा तो आज-उद्याचा. डिकीत फणस आणि आंबे एकत्र ठेवू नका, दोन्ही एकमेकांना लवकर पिकवतात. आणि हो, काचा बंद करून एसी लावणार असाल तर बरोबरच्यांना आधी विचारा.